सप्टेंबरअखेर स्पिती : तारखा, दिशा, आई-बाबा सोबत (नियोजनासाठी मदत हवी)

पारिजात

गणपती उठले की हिमाचलातल्या स्पितीला निघायचं ठरतंय. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला आहे. शनिवारी २६ ला सकाळी मुंबईहून चंदीगडला विमानाने, ६ ऑक्टोबरला संध्याकाळी परत. माणसं पाच : आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, आई (६६, मधुमेहाच्या गोळ्या) आणि बाबा (७०, रक्तदाबाची गोळी). गाडी चालकासकट घेणार. डोक्यात असलेला मार्ग : चंदीगड – मनाली – चंद्रताल तळ्याजवळ तंबूत एक रात्र – काझा दोन रात्री – ताबो – कल्पा – सांगला – सिमला – चंदीगड.

विचारायचं असं :
१. तारखा बरोबर आहेत का? गणपतीआधी गेलेलं बरं का?
२. आई-बाबांना उंचीचा त्रास होईल का?
३. गाडी कुठली, कुठून घ्यावी?
४. खाण्याचं काय? आई बाहेरचं फार खात नाही.

घाटवळण

मार्ग उलटा करा. बाकी सगळं त्यानंतर.

मनालीची उंची २०५० मीटर आणि चंद्रतालची ४२५० च्या वर. म्हणजे एका दिवसात २२०० मीटर चढायचं आणि तिथेच, शून्याखालच्या थंडीत, तंबूत झोपायचं. धडधाकट पंचविशीतल्या पोरांचंही तिथे रात्री डोकं धरतं, उलट्या होतात. आणि रात्री दोन वाजता खाली उतरायचं म्हटलं तर पुढे मनाली-काझा रस्त्यावरच्या बातलपर्यंत १४ किलोमीटरची अरुंद कच्ची वाट. सत्तरीच्या माणसाला घेऊन हा जुगार नको.

सिमल्याकडून गेलात तर झोपायच्या जागांची उंची आपोआप हळूहळू वाढते : नारकंडा २७००, सांगला २६८०, कल्पा २९६०, ताबो ३२८०, काझा ३६५०. अंतर जास्त पडतं, पण शरीराला जो वेळ द्यायचा तो रस्त्यातच मिळतो, वेगळे दिवस काढावे लागत नाहीत. शेवटी कुंझुम खिंड (साधारण ४५५० मीटर) ओलांडून त्याच दिवशी मनालीला उतरायचं. सगळ्यात उंच जागा सगळ्यात शेवटी, आणि तिथे झोपायचं नाही.

रिकामटेकडा

पण सिमल्याकडून काझा गाठायला चार-पाच दिवस जातात. मनालीहून रोहतांग खिंडीखालच्या अटल बोगद्याने एका दिवसात पोचता येतं. ज्यांच्याकडे सुट्टीच कमी त्यांनी काय करायचं? इथे दर वेळी सिमला-सिमला असा एकच जप चालतो.

घाटवळण

जप नाही, आकडे आहेत. तरी मनालीकडूनच जायचं असेल तर मधला मार्ग आहे : बोगद्यापलीकडे सिस्सूला (साधारण ३१०० मीटर) दोन रात्री काढा, मग एका दमात काझा. चंद्रताल जाताना वगळा. सिस्सूहून काझा म्हणजे झोपायच्या उंचीत साडेपाचशेची वाढ, तरुण मंडळींना चालून जाते. पारिजात यांच्याकडे मात्र अकरा दिवस आहेत, त्यांना ही कसरत करायचं कारणच नाही.

बोगद्यावरून आठवलं. बोगद्यातून जाताना रोहतांगचं परमिट लागत नाही. मनालीत कोणी ‘स्पितीसाठी परमिट काढून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. ते परमिट रोहतांग खिंडीवरून जाणाऱ्या गाड्यांसाठी असतं.

हिमरेषा

तारखांबद्दल. गणपतीआधीचा काळ, म्हणजे २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर, फोटोत सुरेख दिसतो. काझाच्या बाजूला वाटाणा आणि जवाची शेतं, आकाश निळं. स्पिती पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे पाऊस नावालाच. घोळ असा आहे की स्पितीत पाऊस नसला तरी स्पितीला जाणारे दोन्ही रस्ते पावसातूनच जातात. सिमल्याकडून राष्ट्रीय महामार्ग ५ रामपूर ते पिओ (रेकाँग पिओ, किन्नौरचं मुख्य ठिकाण) सतलजच्या घळीतून जातो आणि कडे ठिसूळ आहेत. ११ ऑगस्ट २०२१ ला निगुलसरीला दरड थेट बस आणि गाड्यांवर कोसळली होती. मनालीकडे २०२५ च्या ऑगस्टअखेरीला बियासच्या पुराने कुल्लू-मनाली रस्ता जागोजागी वाहून गेला. दोन्ही घटना ऑगस्टातल्या आहेत हे लक्षात घ्या.

मान्सून हिमाचलातून साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माघार घेतो. म्हणून तुमच्या तारखा उत्तम आहेत. यंदा गणपतीच उशिरा आल्यामुळे आयतं जमून आलंय.

दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगते : लवकर पडणारा बर्फ. सप्टेंबर २०१८ च्या चौथ्या आठवड्यात कुंझुम-चंद्रताल-बातल पट्ट्यात असा बर्फ पडला की शेकडो पर्यटक अडकले, हेलिकॉप्टरने काढावे लागले. हे दर वर्षी होत नाही, पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुंझुम ओलांडणार म्हणजे काझात एक मोकळा दिवस हातात हवाच. त्या दिवसाला ‘अजून एक ठिकाण’ म्हणून आधीच भरून टाकू नका. आपल्या लोकांना मोकळा दिवस बघवत नाही.

पारिजात

पटलं, उलटा करते. मग अकरा दिवसांची मांडणी कशी करू? आणि चंद्रताल पूर्ण सोडायचं का?

हिमरेषा

अशी करून बघा :

२६ शनि : चंदीगड – नारकंडा, साधारण १७५ किमी, सात तास. सिमला शहरात शिरू नका, शनिवारी तिथे दोन तास सहज जातात. विमान दुपारचं असेल तर नारकंडा विसरा, सिमल्याच्या अलीकडेच थांबा.
२७ रवि : नारकंडा – रामपूर – कारछम – सांगला. आठ तास. रामपूर जेमतेम हजार मीटरवर आहे, दुपारी चांगलं उकडतं, स्वेटर घालून बसू नका. जेवण तिथेच उरका, पुढे पर्याय कमी.
२८ सोम : सकाळी छितकुल बघून दुपारी कल्पाकडे. छितकुल ३४५० वर आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायचं, हा सरावही होतो.
२९ मंगळ : कल्पा, विश्रांती. समोर किन्नर कैलास. सफरचंदं झाडावर असतात. बागेत न विचारता हात लावू नका.
३० बुध : कल्पा – पूह – खाब – नाको – ताबो. सगळ्यात लांबचा दिवस, १६० किमीच्या आसपास, पण नऊ तास धरा. सकाळी साडेसहाला निघा.
१ गुरु : ताबोचा मठ (स्थापना इ.स. ९९६) सकाळी शांतपणे, मग धनकर, मग काझा.
२ शुक्र : ‘की’ नावाचा मठ, किब्बर गाव.
३ शनि : मोकळा. सगळे ठणठणीत असतील तर लांगझा-हिक्किम.
४ रवि : काझा – लोसर – कुंझुम – बातल – ग्राम्फू – बोगदा – मनाली. २०० किमी, दहा तास.
५ सोम : मनाली – चंदीगड.
६ मंगळ : विमान.

मुद्दाम केलेली गोष्ट एकच. बहुतेक सहल कंपन्या कल्पानंतर नाकोला मुक्काम देतात. नाको ३६६० मीटरवर आहे, म्हणजे एका रात्रीत ७०० मीटरची उडी. नाको वाटेतच बघा, तळ्याभोवती फिरा, चहा घ्या, आणि झोपायला चारशे मीटर खाली ताबोला जा.

चंद्रताल : ४ तारखेला बातलच्या अलीकडे फाट्यावरून आत वळून परत यायला तीन-साडेतीन तास जादा लागतात, शिवाय वाहनतळापासून तळ्यापर्यंत साधारण किलोमीटरभर चाल आहे, ४२५० मीटर उंचीवर. आई-बाबांसोबत त्याच दिवशी मनालीही गाठायची तर मी सोडेन. मुक्कामाचा तर प्रश्नच नाही, सप्टेंबर संपता संपता तंबूवाले गाशा गुंडाळायला लागतात.

चहाटळ

हिमरेषा, झक्कास. एक भर : नाकोच्या पुढे मलिंगचा पट्टा दुपारच्या आत ओलांडलेला बरा. वरून बारीक दगड सुटत असतात, वारा दुपारनंतर वाढतो. दगड पडताना दिसले तर गाडी लांब थांबवायची, खाली उतरून व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही.

आणि ४ तारखेच्या बातल-ग्राम्फू टप्प्याबद्दल : रस्त्यावरून वाहणारे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्याला लागतं. काझाहून सहाला निघालात तर बाराच्या आसपास बातल. उशीर झाला तर लोसरलाच मुक्काम करण्याची तयारी ठेवा, पण लोसर ४००० च्या वर आहे हे ध्यानात असू द्या. म्हणजे उशीर करूच नका.

अडुळसा

उंचीच्या त्रासाबद्दल डॉक्टर म्हणून लिहितो. हा सल्ला सर्वसाधारण आहे, आई-बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे निघण्याआधी महिनाभर न्या.

काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम. वरच्या आराखड्यात कल्पा ते ताबो ३२० आणि ताबो ते काझा ३७० अशी वाढ आहे, म्हणजे नियमात बसतं.

अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) : प्रौढांना प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत २९ ला कल्पाहून सुरू आणि काझाचा दुसरा दिवस संपेपर्यंत. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर दोन्ही मिळून अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं, हे मुद्दाम विचारा. बोटांना मुंग्या येणं, सोडा बेचव लागणं हे औषधाचे परिणाम आहेत, घाबरू नका. मुलाला गोळी देण्याचा निर्णय बालरोगतज्ज्ञांचा.

आईंचं ग्लुकोमीटर थंडीत चुकीचे आकडे दाखवतं किंवा चालतच नाही. यंत्र आणि पट्ट्या अंगाशी, आतल्या खिशात. जेवणं लांबली की साखर उतरते, तेव्हा हाताशी खाऊ ठेवा.

आता महत्त्वाचं. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही साधी लक्षणं असली की तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. एका सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. काझाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो. पण तो उतरण्याला पर्याय नाही. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. रात्री झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा ‘थोडीशी’ घेणं, दोन्ही नको.

ऑक्सिमीटर नेलात तर एवढं लक्षात ठेवा : काझाला ८५ ते ९० आकडा अनेक निरोगी माणसांचा असतो, आणि गार बोटावर आकडा आणखी कमी दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. मुलगा नेहमीपेक्षा चिडचिडा झाला, खेळेना, खाईना, तर त्याला डोकेदुखीच आहे असं समजून चाला.

रिकामटेकडा

हे छान लिहिलंत. सिमल्याचा जप मान्य :)

तिकीटबाबू

विमान मिळालं तर प्रश्नच नाही. इतर वाचकांसाठी रेल्वेचं लिहितो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवसांचं झालंय. २६ सप्टेंबरच्या गाडीचं आरक्षण २८ जुलैला उघडेल. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची पश्चिम एक्स्प्रेस अंबाल्याला सोडते, पुण्याहून झेलमही अंबाल्यावरून जाते. अंबाला ते चंदीगड तासाभराचं अंतर. गोव्याच्या मंडळींना मडगाव-चंदीगड गोवा संपर्क क्रांती थेट आहे. परतीचं तिकीट वेगळ्या तारखेला उघडतं हे विसरून लोक एकदम दोन्ही काढायला बसतात.

कालका-सिमला छोटी गाडी मुलाला आवडेल, पण ९६ किमीला पाच तासांच्या वर लागतात आणि मोठी गाडी तोवर सिमल्यात रिकामी जाऊन उभी. या आराखड्यात तिला जागा नाही.

दूरदेशी

आमचाही असाच बेत आहे, भारतात येतोय तेव्हा. आमचे भारतीय पासपोर्ट, मुलींचे अमेरिकेचे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आहेत. परमिटचं काय?

हिमरेषा

भारतीय नागरिकांना सिमला-काझा-मनाली मार्गावर कुठलंच परमिट नाही, आधार किंवा तसलं ओळखपत्र पुरतं. मुलींना लागेल. पिओच्या पुढे नाको-सुमदोकडचा पट्टा चीनच्या सीमेजवळ आहे, तिथे परदेशी पासपोर्टवाल्यांना इनर लाइन परमिट हवं, आणि ओसीआय असलं तरी पासपोर्ट परदेशीच. रेकाँग पिओच्या सरकारी कार्यालयात ते निघतं. पासपोर्ट, ओसीआय यांच्या प्रती आणि फोटो जवळ ठेवा. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी पिओला पोचलात तर दिवस फुकट, म्हणून कल्पाचा मुक्काम कामाच्या दिवशी येईल असं बघा. परमिटच्या चार-पाच झेरॉक्स काढून घ्या, चौकीवर प्रत मागतात.

घाटवळण

गाडी. पाच माणसं, सामान आणि चालक म्हणजे इनोव्हाच्या वर्गातली गाडी. सेडान नको : काझापर्यंत रेटून जाईल, पण बातल-ग्राम्फूला पोट दगडांना घासेल. टेंपो ट्रॅव्हलर पाच जणांना उगाच मोठी, आणि मागच्या सीटवर हाडं खिळखिळी होतात.

चंदीगडहून चंदीगडपर्यंत एकच गाडी घ्या. भाव ठरवताना हे कागदावर, निदान व्हॉट्सअॅपवर, लिहून घ्या : डिझेल, टोल, पार्किंग, चालकाचं राहणं-जेवण धरून आहे का, रस्ता बंद पडून एक दिवस वाढला तर जादा किती, कुंझुम बंद झाला तर आल्या वाटेने किन्नौरमधून परत यायची तयारी आहे का आणि त्याचे किती. शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. आणि चालक स्पितीला याआधी जाऊन आलेला हवा. ‘हिमाचलचा आहे’ एवढं पुरेसं नाही, सिमल्याचा माणूस बातलच्या नाल्यात शिकाऊच असतो. स्टेपनीची हवा आणि जॅक निघण्याआधी स्वतः बघा.

इंधन : पिओला टाकी काठोकाठ, काझाला पुन्हा काठोकाठ. काझानंतर भरवशाचा पंप थेट मनालीकडेच, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते.

रोख रक्कम सिमल्याच्या अलीकडेच काढा. काझाला एटीएम आहे, पण कधी पैसे नसतात, कधी नेटवर्क नसतं. यूपीआयचंही तसंच. एक तरी फोन बीएसएनएलचा असू द्या, जिओ-एअरटेल काझात चालतं, मधल्या पट्ट्यात नाही. लडाखसारखी प्रीपेडची अडचण हिमाचलात नाही.

आलेपाक

खाण्याचं मी सांगते. काझाला पाणी १०० नाही, साधारण ८८ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास शिजत नाही, भात वरून मऊ आणि आत कणी. कुकर असलेलंच घर किंवा हॉटेल बघा. आईंसाठी गरम पाणी ओतून होणारा तयार उपमा-पोहे नेणार असाल तर झाकून नेहमीच्या दुप्पट वेळ ठेवा. मेतकूट, लोणचं, गूळपोळ्या, खाकरे उत्तम टिकतात. फुगलेली पाकिटं घाबरवतात : वेफर्स, शांपूच्या पुड्या, टूथपेस्ट, सगळं दाबामुळे फुगतं. शांपू-तेलाच्या बाटल्या खाली असतानाच पिळून हवा काढून घट्ट लावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाका, नाहीतर नारकंड्यानंतर बॅगेला खोबरेल.

ताबो-काझात थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, डाळभात सगळीकडे. आईंना थुक्पा बिनतिखट सांगून द्या, पोटाला हलका आणि पाणीही जातं. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपंधरवडा आहे, श्राद्धाची तिथी मध्ये येत असेल तर घरी आधीच काय ते ठरवा. वर साबुदाणा-वरी शोधत बसू नका.

राहण्याचं एक : लांगझा-कोमिकच्या घरांमधून कोरडे खड्ड्याचे संडास असतात, रात्री बाहेर जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी काझा-ताबोतच मुक्काम ठेवावा आणि ‘कमोड खोलीला जोडून आहे ना, गरम पाणी बादलीने की नळाला’ हे फोनवर विचारून घ्यावं. बादलीने मिळालं तरी चालतं, फक्त आधी माहीत असावं. रबरी गरम पाण्याच्या दोन पिशव्या न्या, काझाला त्या आठवड्यात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो.

चहाटळ

तारे बघायचे असतील तर : पौर्णिमा २६ सप्टेंबरला आहे, म्हणजे काझाच्या रात्री कृष्णपक्षातल्या. १ ऑक्टोबरनंतर चंद्र उशिरा उगवतो. साधारण साडेसात ते नऊ हा पट्टा काळोखा, आणि आकाशगंगा नैर्ऋत्येला दिसते. जेवणाआधीच गच्चीवर जा, मुलगाही जागा असेल.

पारिजात

सगळ्यांचे आभार, खूप काम हलकं झालं. शेवटचं : ३ तारखेला काझात असताना कुंझुम उघडा की बंद हे कसं कळणार? आणि बंद असला तर विमान चुकणार का?

हिमरेषा

लाहौल-स्पिती पोलिसांच्या सोशल मीडिया पानावर रस्त्यांची स्थिती रोज टाकतात. सिमल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज २ तारखेपासून बघत राहा. याशिवाय संध्याकाळी काझाच्या टॅक्सी स्टँडवर जाऊन त्या दिवशी मनालीहून आलेल्या चालकाला विचारा : नाल्यांत पाणी किती, कुंझुमवर बर्फ आहे का, मनालीहून किती वाजता निघाला होता. पोलिसांची नोंद फक्त ‘सुरू’ सांगते, हा माणूस ‘कसा सुरू’ ते सांगतो.

निर्णय ३ ला दुपारी बारापर्यंत घ्या. अंदाजात बर्फ असेल तर त्याच दुपारी ताबोला खाली या. ४ ला ताबो – कल्पा किंवा पिओ, ५ ला रामपूर-नारकंडा, ६ ला चंदीगड. नारकंड्याहून चंदीगड सात तास धरा, म्हणून विमान संध्याकाळी सहानंतरचंच घ्या. ३ ला संध्याकाळी उशिरा ठरवलंत तर हे गणित बसत नाही, ४ ला काझाहून कल्पा एका दिवसात दहा-अकरा तास होतात आणि आई-बाबा दमतील.

मनालीच्या ४ तारखेच्या हॉटेलला आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या. दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील.

घाटवळण

आणि तोच नियम काझाच्या ३ तारखेच्या खोलीला. तिथे बहुतेक जण आगाऊ पैसे मागतात, फोनवर अर्धेच कबूल करा.